भुसावळची उन्हाळी प्री-सीझन बॅच : कबड्डीच्या मुली घेऊन गेलेल्या मॅडमचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, कारण "मॅडम, पैसे भरू का नको" एवढंच विचारणारे पालक जास्त. तेरा ते सतरा वयाचं पोरगं किंवा पोरगी कबड्डी, फुटबॉल, खो-खो असं धावपळीचं आणि धक्काबुक्कीचं काही खेळत असेल, पावसाळ्यात तालुक्याला उतरणार असेल, तर पाठवा. सुट्टीत घरी त्रास देतो किंवा पोट सुटलंय म्हणून पाठवत असाल तर त्या पैशांचे आंबे आणा.

मी फैजपूरकडच्या एका शाळेत खेळ शिकवते. आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ १७ वर्षांखालच्या गटात तालुक्याला बरा खेळतो आणि जिल्ह्याला गेला की दुसऱ्या सामन्यापर्यंत निम्म्या जणी लंगडायला लागतात. कोणाची मांडी भरते, कोणाचा घोटा, कोणाचा गुडघा. म्हणून भुसावळच्या या बॅचची चौकशी केली. शहराबाहेर एका जुन्या गोदामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती चालते, मागे मोकळं मैदान आहे. चालवणारे सर इथलेच, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. काही वर्षं मेलबर्नला होते आणि तिथल्या एका उपनगरी क्लबच्या पोरांना ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हंगामाआधी तयार करायच्या कामात मदतनीस होते. तोच साचा त्यांनी इकडे आणलाय. पाटीवर "ऑस्ट्रेलियन पद्धत" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्याचा फार विचार करू नका. आत जे चालतं ते बघा.

तरी तो खेळ थोडा समजून घ्यावा लागतो, नाहीतर सर असं का करून घेतात ते कळत नाही. अंडाकृती चेंडू आणि मैदानही अंडाकृती, लांबी १३५ ते १८५ मीटर. एका बाजूला अठरा जण. वीस-वीस मिनिटांचे चार भाग, त्यात थांबलेला वेळ वर धरतात, म्हणून प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास जातो. चेंडू फेकायचा नाही, मुठीने मारून द्यायचा किंवा लाथेने उडवायचा. घेऊन पळालात तर दर पंधरा मीटरच्या आत जमिनीवर टेकवायचा किंवा आपटायचा. आणि हवेत उंच उडी मारून, बऱ्याचदा दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन तो झेलायचा. वरच्या पातळीचा खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळतो. म्हणजे लांबचं धावणं, उड्या, लाथा आणि अंगावर येणारी माणसं, सगळं एकाच खेळात. आपल्याकडे बंगालात तो थोडाफार खेळतात, भारताचा संघ २००८ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय कपलाही गेला होता.

हंगाम त्यांचा मार्च ते सप्टेंबर. तयारी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि तो तिकडचा भर उन्हाळा. मला यातच रस वाटला. आपल्याही शालेय स्पर्धा पावसाळ्यात, तयारीला मिळतात ते एप्रिल-मे, आणि भुसावळचा मे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला तरी इथे कोणी बातमी म्हणून ऐकत नाही. उन्हात तयारी कशी करायची याचा विचार केलेला माणूस आपल्याला हवाच होता.

पहिल्या दिवशी मोजमाप झालं. वीस मीटर पळणं, जागेवरून उंच उडी, दोन किलोमीटर धाव. तिकडे एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, निवड व्हायच्या आधी अठरा वर्षांच्या पोरांची साधारण हीच परीक्षा घेतात. तिथली सगळ्यात वेगवान पोरं वीस मीटर तीन सेकंदांच्या आत काढतात आणि चांगले पळणारे दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास. आमच्या मुलींनी काय काढलं ते इथे लिहीत नाही, त्या वाचतील. तिकडे वेळ मोजणारे यंत्राचे दरवाजे असतात, इथे सर मोबाइलवर शूटिंग करून वेळ काढतात. चालतं, कारण दर वेळी तोच मोबाइल आणि तीच खूण.

मग दर मुलीची उंची भिंतीवर नोंदवली, आणि ही नोंद दर महिन्याला होते. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढतात, मुलगे चौदाव्या. त्या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या मागून येतात. गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा दुखतो, टाच दुखते. आपल्याकडे यावर उत्तर ठरलेलं, "वाढीचं दुखणं आहे, तेल लाव आणि पळ." इथे ज्याची उंची एकदम चढलेली दिसली त्याच्या उड्या आणि वेगवान धावा कमी करतात, ताकदीचं काम चालू ठेवतात. एका फुटबॉलवाल्या पोराचे वडील यावरून सरांशी भांडले, "पैसे पूर्ण आणि व्यायाम अर्धा?" सरांनी त्यांना भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. पटलं की नाही माहीत नाही, पोरगं येत राहिलं.

वजनांबद्दल आमच्या मुलींच्या घरी जी चर्चा झाली तिच्यावर वेगळा लेख होईल. एका आईने मला एसटी स्टँडवरच गाठलं. "मॅडम, तिले पहिलवान नाही करायचं आम्हाले, तिचं लगीन करायचंय." दुसऱ्या घरी आजीबाईंचं म्हणणं की वजन उचललं की उंची खुंटते. हे दुसरं तर शिकलेली माणसंही बोलतात. नीट शिकवणारा समोर असेल आणि वजन हळूहळू वाढवलं तर या वयात ताकदीचा व्यायाम सुरक्षित आहे, उंची खुंटत नाही, यावर जगभरातल्या तज्ज्ञांचं एकमत आहे. इथे सुरुवात प्लास्टिकच्या पाइपने होते. पाइप खांद्यावर घेऊन बैठक नीट झाली की मग छातीशी धरायचं छोटं डंबेल. नीट झाली नाही तर पाइपच. आमची सगळ्यात दणकट पकड करणारी मुलगी बराच काळ पाइपवर राहिली, कारण खाली बसताना तिच्या टाचा उचलल्या जायच्या. ती चिडली, रडली, मग घरी ओट्याला धरून बैठका काढून आली. आणखी एक नियम म्हणजे अंगात अजून दोन वेळा काढता येतील एवढा दम शिल्लक असताना थांबायचं. मी स्वतः दंड-बैठका "पडेपर्यंत काढा" अशा ओरड्यात शिकलेली. माझ्या तालमीतल्या काकांनी हा नियम ऐकला असता तर सरांना बाहेर काढलं असतं.

आता ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते तीन व्यायाम. बाकी काही जमलं नाही तरी एवढे तुमच्या शाळेत उचला.

पहिला मांडीमागच्या स्नायूचा. दोघींची जोडी. एक गुडघ्यांवर उभी राहते, दुसरी मागून तिचे घोटे दाबून धरते. पहिलीने कंबरेत न वाकता सावकाश पुढे झुकत जायचं, मांडीच्या मागच्या बाजूने स्वतःला जमेल तितकं धरून ठेवायचं, सुटलं की हातांवर पडायचं. नॉर्डिक म्हणतात त्याला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त दुखावतो तो हाच स्नायू, कारण जोरात पळताना पुढे फेकलेल्या नडगीला ब्रेक लावायचं काम त्याचं. ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो, आणि तेव्हाच तो तुटतो. नॉर्डिकमध्ये नेमकं तेच शिकवलं जातं, लांब होत असताना धरून ठेवणं. नियमित केलं तर या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात असं अभ्यासांत दिसलंय. आमच्या चढाई करणाऱ्या मुलीचा पाय मागून पकडला जातो आणि ती पुढे रेषेकडे झेपावते तेव्हा त्या स्नायूचं काय होत असेल ते बघा. सुरुवात अगदी थोड्याने करा. उत्साहात जास्त काढले तर दोन दिवस पोरी जिना उतरताना कठड्याला लोंबकळतात. सर हे आधी बजावतात.

दुसरा जांघेचा. कुशीवर कोपराच्या आधाराने आडवं व्हायचं, वरचा पाय बाकावर, खालचा हवेत, आणि वरच्या पायाच्या जोरावर कंबर उचलायची. याचं नाव कोपनहेगन. तिकडे लाथा मारून मारून जांघा धरतात म्हणून करतात, आमच्याकडे पाय लांबवून टच घेण्यासाठी उपयोगी. सुरुवातीला गुडघा बाकावर ठेवून करवून घेतात, ते सोपं पडतं.

तिसरा उडी मारून उतरण्याचा, आणि मुलींसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा. बायकांची एएफएल लीग २०१७ मध्ये सुरू झाली, आणि तिथे एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा दोर, फाटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. कारणं बरीच आहेत, पण एक गोष्ट डोळ्यांना दिसते. उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात. त्यासाठी तिकडे मुलींच्या संघांना वॉर्म-अपमध्येच उतरणं, थांबणं, दिशा बदलणं शिकवतात. इथेही तसंच. बाकावरून उडी, दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग कोणीतरी हलका धक्का देत असताना. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज आला तर परत. शेडमध्ये साठ पोरं असतात तरी उतरण्याच्या वेळी सर सगळ्यांना गप्प करतात, कारण पाय आपटल्याचा आवाज ऐकायचा असतो. आमच्या मुलींना वर उडी मारायची सवयच नाही, कबड्डीत सगळं खाली वाकून. म्हणून मागच्या मैदानावर तो अंडाकृती चेंडू उडवून झेलायचा खेळ त्यांना सुरुवातीला येडपटपणा वाटला आणि नंतर तोच सगळ्यात आवडला. चेंडू कुठे टप्पा खाऊन जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हसून हसून पोट दुखेपर्यंत धावतात.

वहीबद्दल सांगितलंच पाहिजे. प्रत्येकीला एक शंभर पानी वही. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. साठ मिनिटांचा सराव आणि सहाचा आकडा म्हणजे ३६०. आठवड्याची बेरीज करायची आणि ती एकदम उडी मारून वर जाऊ द्यायची नाही. मोठ्या क्लबांत यासाठी जर्सीच्या पाठीत जीपीएस घालतात. पण हा आकड्याचा हिशेबही तिथे चालतो आणि त्याला फक्त पेन लागतं. गंमत म्हणजे सर इथलेच असल्यामुळे वहीत व्यायामाशिवायचं कामही लिहायला लावतात. शेतात भुईमूग उपटला, लिहा. केळीच्या बागेत आईला मदत केली, लिहा. लग्नसराईत एका मुलीने हळदीला रात्री दोनपर्यंत नाचून झाल्यावर प्रामाणिकपणे "१८० मिनिटं, आकडा आठ" असं लिहिलं. सरांनी दुसऱ्या दिवशी तिला फक्त ताणायचे व्यायाम दिले आणि झोपायला घरी पाठवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुट्टी होतीच, पण झोके किती वेळ घेतले ते मात्र विचारलं नाही.

आता तक्रारी.

शेड. पत्र्याची शेड आणि मे महिना हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही. बॅच पहाटे साडेपाचला सुरू होते ती याचसाठी, पण साडेसातनंतर आत भट्टी पेटते. सरांचं उन्हाचं ज्ञान चांगलं आहे. पहिले दहा ते चौदा दिवस मुद्दाम काम कमी ठेवतात, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढा काळ लागतो. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. ओले टॉवेल, मीठ-साखरेचं पाणी, भिंतीवर थर्मामीटर, सगळं आहे. तरीही एका उशिरा सुरू झालेल्या सकाळी आमची एक मुलगी गरगरून खाली बसली. सावलीत नेलं, पाणी मारलं, तासाभरात हसायला लागली. पण त्या दिवशी थर्मामीटरकडे कोणी बघितलं नव्हतं. वर दोन टर्बो पंखे बसवून भागणार नाही. पत्र्याखाली छत टाका किंवा वेळ पाचची करा, हे मी लेखी दिलंय.

धावणं. हा माझा मूळ मुद्दा आहे आणि कबड्डी-खोखोच्या शिक्षकांनी आधीच बोलून घ्यावा. लांबच लांब मैदानावर दोन तास पळायचं असेल तर किलोमीटर-किलोमीटरच्या धावा हव्यातच. आमचं मैदान १२ बाय ८ मीटर आणि चढाई तीस सेकंदांची. आमच्या मुलींना हवा आहे तो झटका, थांबणं, उलटं वळणं आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच. सुरुवातीचे दोन आठवडे त्याही फुटबॉलवाल्या पोरांच्या मागे मैदानाला राउंड मारत होत्या. मी सरांना म्हटलं, "सर, या पोरी मेलबर्नला खेळायला चाललेल्या नाहीत." ते हसले आणि तिसऱ्या आठवड्यापासून आमच्यासाठी आठ मीटरच्या जाण्या-येण्याच्या छोट्या धावा लावल्या, मध्ये मोजून विश्रांती. पण न विचारता हे झालं नसतं. साचा तयार आहे, तो तुमच्या खेळाच्या मापाने कापून घ्यावा लागतो.

बाथरूम एकच, कडी नीट लागत नाही. एवढ्या मुली येतात तर हे चालणार नाही. शिकवायला बाई नव्हती, ती बी.पी.एड. करणारी एक मुलगी मधूनच यायला लागली. ती आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. बैठकीत कंबर कुठे वाकते ते हात लावून दाखवणारं कोणी मिळालं, आणि वहीतला पाळीचा रकाना, जो तोपर्यंत सगळ्यांचा कोरा होता, तो भरायला लागला. पुढच्या वर्षी ती पहिल्या दिवसापासून नसेल तर मी मुली नेणार नाही, हेही सांगून आलेय.

काउंटरवर प्रोटीनचे डबे मांडलेत. सर स्वतः कोणाला घ्या म्हणत नाहीत, पण डबे दिसले की पोरं घरी हट्ट करतात. उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, शेंगदाणे, ज्यांच्या घरी चालतं त्यांना अंडी, दूध. या वयाला आपल्या खान्देशी घरात पुरेसं आहे, फक्त पोटभर आणि वेळेवर पाहिजे. सराव झाल्या झाल्या केळं. ते आमच्याकडे पिशवीभर असतं, एका मुलीचे वडील बागेतूनच आणून द्यायचे. मग फुटबॉलची पोरंही आमच्याभोवती घुटमळायची.

फी आठ आठवड्यांची २,४०० रुपये. शाळेकडून दहाच्या वर मुलं आली तर १,८००. पहाटेच्या एसटीचा भरवसा नाही, आम्ही बामणोदवरून ईको गाड्या ठरवल्या, त्याचा खर्च फीपेक्षा जास्त झाला. हा हिशेब आधीच करा. बूट साधे चालतात, अनवाणी चालत नाही.

फायदा झाला का? शेवटच्या मोजमापात सगळ्यांच्या उड्या वाढल्या, दोघी सोडून वीस मीटरचा वेळ कमी झाला. दोन किलोमीटरचं मी बघितलंच नाही. तालुका अजून व्हायचा आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ताकदीचं काम सुटलं तर कमावलेलं काही आठवड्यांत उतरतं, म्हणून आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं, शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ते तीन व्यायाम चालू ठेवलेत. मुख्याध्यापकांनी फरशी फुटेल म्हणून उड्या मैदानात हलवल्या.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा शेडसाठी कापला, अर्धा बाथरूमसाठी, अर्धा धावण्याचा. नावनोंदणी होळीनंतर उघडते आणि आठ-दहा दिवसांत भरते. फोनवर विचारताना तीन गोष्टी विचारा : मुलींना शिकवायला बाई आहे का, सकाळची वेळ काय, आणि आमच्या खेळाच्या धावा वेगळ्या देणार का. तिसऱ्याला "बघू" असं उत्तर आलं तर पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन उभ्या राहा.